तिसऱ्या रघूजीचीं व्यसनें आणि त्याचे न्यायाधीश

नागपूरकर भोसल्यांचें राज्य तिसऱ्या रघूजीबरोबर संपलें, असें सामान्यतः लिहिण्यांत येतें. वस्तुतः ता. ११ डिसेंबर १८५३ रोजीं मेला तो राजा. राज्य मेलें तें त्यानंतर सुमारें तीन महिन्यांनीं, मार्च १८५४ मध्यें, आणि तें कलकत्त्यास, कागदावर. या दोन मृत्यूंच्या मधल्या काळांत आणखी एक गोष्ट घडली, ती ही कीं मृत राजाची अब्रू गेली. रेसिडेंट मॅन्सेल यानें राजाच्या निधनाचें वृत्त कळवितांना त्याच्या खासगी वर्तनाचें जें चित्र रेखाटलें, तें गव्हर्नर-जनरल डलहौसीच्या हातीं पडलें; त्याच्या ता. २८ जानेवारी १८५४ च्या टिपणाबरोबर तें विलायतेस गेलें, पार्लमेंटपुढील कागदांत छापून निघालें, आणि तेथून इंग्रजी इतिहासग्रंथांत कायमचें शिरलें. राजा मद्याच्या आहारीं गेला होता, पतंग, गंजिफा व कुस्त्या यांत त्याचा वेळ जाई, कारभाराचा त्यास कंटाळा होता, आणि जानी नांवाच्या कलावंतिणीच्या संगतींत तो गुंतला होता, एवढीं चार वाक्यें दीडशें वर्षांहून अधिक काळ एका पुस्तकांतून दुसऱ्या पुस्तकांत उतरत आलीं आहेत.

या चार वाक्यांचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. राजा निर्व्यसनी होता असें सिद्ध करण्याचा आमचा हेतु नाहीं. तो तसा नव्हता. आम्हांस पाहावयाचें आहे तें हें, कीं राज्यकर्त्याच्या शय्यागृहांतली गोष्ट राजकारणाच्या दप्तरांत केव्हां व कशी येते, ती तेथें कोण आणतो, आणि ज्यांच्या कानीं ती जाते त्यांना तिचें काय वाटतें. हा प्रश्न केवळ एका राजाचा नाहीं. सत्ताधाऱ्याच्या खासगी चारित्र्यावरून जेव्हां जेव्हां गलका उठतो तेव्हां तेव्हां तो पुन्हां उभा राहतो. नागपूरच्या प्रकरणांत त्याचे सर्व धागे एका ठिकाणीं सांपडतात, म्हणून तें निवडलें आहे.

१

प्रथम राजाची घडण पाहिली पाहिजे. सीताबर्डीची लढाई नोव्हेंबर १८१७ मध्यें झाली व आप्पासाहेब भोसले पुढील वर्षीं पदच्युत झाला. त्यानंतर १८१८ सालीं दुसऱ्या रघूजीच्या मुलीच्या मुलास, वयाच्या सुमारें दहाव्या वर्षीं, गादीवर बसविण्यांत आलें. परसोजीची विधवा दुर्गाबाई हिनें त्यास दत्तक घेतलें व रघूजी हें नांव दिलें. म्हणजे ज्या राजाच्या पश्चात् विधवेच्या दत्तकविधानास कंपनी सरकारनें नकार दिला, तो राजा स्वतः विधवेनेंच दत्तक घेतलेला होता, आणि तें दत्तकविधान कंपनीच्या संमतीनेंच झालें होतें. ही गोष्ट पुढें उपयोगी पडावयाची असल्यामुळें वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

राजा लहान असतांना सर्व कारभार रेसिडेंट जेंकिन्स याच्या हातीं होता. त्याचा नागपूर राज्याविषयींचा अहवाल १८२७ सालीं छापला गेला असून, मुलूख, शेतसारा, जातिव्यवहार व मागील इतिहास यांची एवढी बारकाईनें केलेली नोंद त्या काळच्या फार थोड्या संस्थानांची असेल. काशीराव राजेश्वर गुप्ते याची भोसल्यांची बखरही त्याच सुमाराच्या चौकशीचें फळ होय. मुलूख असा गांवोगांव मोजून घेतला जात असतां जो मुलगा पुढें त्या मुलखाचा धनी व्हावयाचा, त्याच्या हातीं मात्र कांहींच नव्हतें. १८२६ च्या तहानें कारभाराचा कांहीं भाग व १८३० च्या सुमारास उरलेला भाग त्याच्या स्वाधीन झाला. तेव्हां तो विशीबाविशींत होता. परराज्यांशीं बोलणें, युद्ध, तह, फौजेची स्वतंत्र बांधणी, यांपैकीं जें जें भोसल्यांच्या घरांत पुरुषार्थाचें काम समजलें जात असे, तें तें तहानें बंद झालें होतें. पहिल्या रघूजीनें बंगालपर्यंत घोडीं नेलीं. तिसऱ्या रघूजीस पतंग उडविण्याची मोकळीक होती. निरुद्योगी मनुष्यास व्यसन लागतें हा न्याय सर्वांना ठाऊक आहे; परंतु तो निरुद्योगी कोणीं केला, हें लिहावयास मॅन्सेलच्या अहवालांत जागा झाली नाहीं.

२

आतां साक्षीकडे वळूं. मॅन्सेल हा नागपुरांत राहणारा, दरबारांत जाणारा अधिकारी होता. त्याचें लिहिणें निव्वळ बाजारगप्प म्हणून टाकून देतां येत नाहीं. राजाचें पिणें व नाचगाण्याचा शोक यांविषयीं शंका घेण्यास आम्हांस आधार दिसत नाहीं. सर जॉन के यानें आपल्या शिपायांच्या युद्धाच्या इतिहासांत याच व्यसनांचा उल्लेख केला आहे, पण त्याचा सूर वेगळा आहे. कालमानानें पाहतां हा राजा कांहीं वाईट राज्यकर्ता नव्हता, असें तो सौम्यपणें म्हणतो. तेव्हां वस्तुस्थितीविषयीं वाद थोडा व तिच्या वजनाविषयीं वाद मोठा, असा प्रकार आहे.

कागदाची परीक्षा करतांना संशोधकानें तीन प्रश्न विचारावे असा आमचा परिपाठ आहे: कागद केव्हां लिहिला, कोणासाठीं लिहिला, आणि लिहिणारानें त्यावरून स्वतः काय निष्कर्ष काढला. पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, हें चित्र राजाच्या मरणानंतर तीनच दिवसांच्या आंत तयार झालें. राजानें स्वतः कारभार पाहिला तो तेवीस वर्षांहून अधिक काळ. १८२६ च्या तहांत असें कलम होतें कीं, राज्यांत घोर अंदाधुंदी माजल्यास इंग्रज सरकारनें आपले अधिकारी नेमून व्यवस्था करावी. तें कलम या सर्व काळांत वापरलें गेलें नाहीं. जें व्यसन राजा जिवंत असतां हस्तक्षेपास पुरेसें नव्हतें, तें तो मेल्यावर राज्यहरणाच्या कागदांत एकाएकीं जड झालें. ज्याला उत्तर देतां येतें त्याच्यावर आरोप नाहीं, व ज्याच्यावर आरोप आहे त्याला उत्तर देतां येत नाहीं, अशी ही चौकशी होती.

दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नांचें उत्तर याहून बोधप्रद आहे. मॅन्सेलनें राजाची निंदा केली खरी, तथापि राज्य अगदीं नाहींसें न करतां भोसल्यांचें घराणें कोणत्या तरी रूपानें गादीवर ठेवावें, अशाच विचाराकडे त्याचा कल होता. म्हणजे ज्यानें व्यसनें जवळून पाहिलीं, त्यास तीं घराणें बुडविण्यास पुरेशीं वाटलीं नाहींत. ज्यानें तीं फक्त कागदावर वाचलीं, त्यास तीं पुरेशीं वाटलीं. डलहौसीनें आपल्या अधिकाऱ्याची निंदा तेवढी उचलली व शिफारस खालीं ठेवली. कागदांतून असें निवडून घेणें ही आम्हां संशोधकांच्या परिचयाची लबाडी आहे. बखरकारांवर आम्ही हाच दोष नेहमीं ठेवीत असतों.

एक गोष्ट मॅन्सेलच्या पक्षींही सांगितली पाहिजे. त्याच्या लेखांत न्यायाची विक्री व राजाचा द्रव्यलोभ यांविषयींही तक्रार आहे. ती खासगी नाहीं, सार्वजनिक आहे, आणि तिचा विचार वेगळा झाला पाहिजे. ज्या रयतेस निकाल विकत घ्यावा लागला, तिला राजा कोणाचें गाणें ऐकतो याच्याशीं कर्तव्य नव्हतें. निकाल विकला गेला याच्याशीं होतें. दुर्दैवानें इंग्रजी व मराठी दोन्ही लेखकांच्या स्मरणांत जानी राहिली व ती रयत राहिली नाहीं. शृंगाराची गोष्ट अन्यायाच्या गोष्टीस गिळून टाकते, हें असल्या सर्व प्रकरणांचें लक्षण आहे.

३

डलहौसीच्या टिपणांतील मुख्य युक्तिवाद व्यसनाचा नव्हताच. तो असा: १८१८ सालीं हें राज्य जिंकून घेऊन आम्हींच रघूजीस दिलें, त्यास औरस पुत्र नाहीं, त्यानें हयातींत दत्तक घेतला नाहीं, म्हणून दान दात्याकडे परत आलें. सुमारें ऐंशीं हजार चौरस मैलांचा मुलूख व चाळीस लक्षांचा वसूल अशा रीतीनें हातांत येत होता. विलायतेच्या गिरण्यांस उत्तम कापसाची गरज आहे व तो या मुलखांत पिकतो, हेंही त्यानें मोकळेपणानें लिहिलें. एवढें सर्व असतां राजाच्या दुर्वर्तनाचें वर्णन कशास हवें होतें? कायद्यानें राज्य मिळतें, पण कायद्यानें समाधान मिळत नाहीं, हें त्याचें उत्तर होय. वारसाच्या अभावीं घेतलेल्या राज्याला रयतेच्या कल्याणाचा मुलामा द्यावयाचा, तर मृत राजा वाईट असणें अवश्य होतें. दोनच वर्षांनीं, १८५६ सालीं, अयोध्येच्या वाजिद अलीच्या गायनवादनाचें व जनानखान्याचें वर्णन याच रीतीनें पुढें आलें. तेथें वारसाचा प्रश्न नव्हता, म्हणून गैरकारभार हेंच मुख्य कारण झालें. नागपुरांत जें तोंडीलावणें होतें, तें लखनौस पक्वान्न झालें.

गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलांत या निर्णयास विरोध झाला हें विसरतां कामा नये. कर्नल जॉन लो हा देशी दरबारांत सारा जन्म घालविलेला सभासद राज्य खालसा करण्याच्या विरुद्ध होता. सातारचें राज्य घेतल्यावर लोक आपणांस काय विचारीत असत, तें त्यानें आपल्या टिपणांत नमूद केलें आहे. त्याचा आशय असा कीं, राजानें असा कोणता अपराध केला होता म्हणून त्याचा मुलूख कंपनीनें घ्यावा? आमच्या मतें या सर्व प्रकरणांतील अत्यंत मौल्यवान् साक्ष ती ही. लोकांनीं विचारलें तें राजा पीत होता कीं नाहीं हें नव्हे. अपराध कोणता, हें. पिणें हा दोष आहे व अपराध नाहीं, हा भेद सामान्य जनांस ठाऊक होता. कलकत्त्याच्या कचेरीस तो ठाऊक असून सोईचा नव्हता.

४

ज्या राष्ट्रानें हा न्याय केला, त्याच्या घरीं त्याच काळांत काय चाललें होतें, तें पाहिल्यावांचून ढोंगाच्या आरोपाचें मोल कळणार नाहीं. जेंकिन्स नागपूरचा कारभार पाहत असतां इंग्लंडच्या गादीवर चौथा जॉर्ज होता. त्याच्या रखेल्यांची व कर्जाची चर्चा साऱ्या युरोपांत होती. अशा राजानें १८२० सालीं आपली राणी कॅरोलाइन हिच्यावरच व्यभिचाराचा ठपका ठेवून घटस्फोटाचें बिल लॉर्डांच्या सभेंत आणविलें. लंडनचा सामान्य लोक राणीच्या बाजूनें उठला. राणी निर्दोष आहे अशी सर्वांची खात्री होती म्हणून नव्हे, तर आरोप करणारास तो करण्याचा अधिकार नाहीं म्हणून. तिच्या नांवें गांवोगांवहून मानपत्रें आलीं, लॉर्डांच्या सभेंत तिसऱ्या वाचनास अवघ्या नऊ मतांचें आधिक्य मिळालें, आणि बिल सोडून द्यावें लागलें. पुढील वर्षीं राज्यारोहणाच्या वेळीं वेस्टमिन्स्टरच्या दारांतून राणीस परत पाठविण्यांत आलें, हा त्या नाटकाचा शेवटचा प्रवेश.

जॉर्जनंतर आलेल्या चौथ्या विल्यमला जॉर्डन नांवाच्या नटीपासून दहा मुलें होतीं. १८३७ सालीं तो मेला तेव्हां एकही औरस अपत्य जिवंत नव्हतें. राज्य पुतणीकडे गेलें, आणि तिच्याच कारकीर्दींत नागपूर खालसा झालें. विलायतेचा राजा नटीच्या नादीं होता व निपुत्रिक मेला, म्हणून त्याचें राज्य कोणा परक्यानें घ्यावें, असें कोणास सुचलें नाहीं. नागपूरच्या राजाची तीच दोन वैगुण्यें राज्यहरणास पुरलीं. हा विरोध एका इंग्रजाच्याही मनाला लागला. मेजर इव्हान्स बेल हा नागपुरांत असिस्टंट कमिशनर होता; भोसल्यांच्या बाजूनें लिहिल्याचें फळ म्हणून त्यास ती जागा सोडावी लागली. १८६४ सालच्या त्याच्या पुस्तकांत नागपूर प्रकरणाचा जो परामर्श घेतला आहे, तो वाचल्यावांचून कोणीं या विषयावर लिहूं नये.

५

खुद्द नागपुरास काय वाटलें? मृत राजाच्या उत्तरक्रियेस यशवंतराव अहिरराव हा आप्त बसला व राण्यांनीं त्यास दत्तक मानलें. महाराष्ट्रांतील धर्मशास्त्राच्या व्यवहाराप्रमाणें विधवेचें दत्तकविधान अप्रशस्त नव्हतें, आणि १८१८ चा दाखला घरांतच होता. दुसऱ्या रघूजीची वृद्ध विधवा बांकाबाई ही त्या वेळीं घराण्याची खरी कर्ती स्त्री. राजवाड्यांतील चीजवस्तु हलवूं लागले तेव्हां वाड्यास आग लावीन, असें तिनें म्हटल्याचें के यानें लिहिलें आहे. हत्ती, घोडे व बैल लिलांवांत कवडीमोलानें गेले. जवाहीर कलकत्त्यास गेलें व हॅमिल्टन कंपनीच्या दुकानांतून त्याच्या विक्रीची जाहिरात १८५५ सालीं वर्तमानपत्रांत झळकली. आलेल्या पैशांतून भोसला फंड करून राण्यांचे तनखे चालवावे अशी योजना होती. हेतु वाईट नसेलही. परंतु राज्य घेतल्यापेक्षां या लिलांवानें लोकांच्या मनावर अधिक वाईट परिणाम झाला, असें के यास जाणत्यांनीं सांगितलें.

हें सयुक्तिक आहे. राज्यें जातात व येतात, हें मराठी मुलखास नवीन नव्हतें. जो राजा दुर्वर्तनी म्हणून अयोग्य ठरला, त्याच्या विधवांचे दागिने विकण्यास विकणारांस संकोच वाटला नाहीं, हें मात्र नवीन होतें. नीतीचा बोध करणाराच्या हातांत लिलांवाचा हातोडा दिसला, म्हणजे बोध ऐकूं येत नाहीं. महालांतील तो भोसल्यांचा राजवाडा १८६४ सालीं जळाला व नगारखाना मागें राहिला. लिलांवाची आठवण जळाली नाहीं.

शेवटीं काय झालें तेंही पाहा. १८५७ च्या धामधुमींत बांकाबाईनें घराण्यास शांत ठेवलें. त्यानंतर त्याच यशवंतरावास जानोजी या नांवानें मान्यता व देऊरचे राजेबहादूर हा किताब मिळाला. मृत राजाचें वर्तन मध्यंतरीं सुधारलें नव्हतें. सरकारची गरज तेवढी बदलली होती.

६

येथवर परक्यांचा न्याय झाला; आतां घरचा. ढोंग हें इंग्रजांचें कुलदैवत व आपण त्यापासून मुक्त, असें मानणें इतिहासास धरून होणार नाहीं. १७४० सालीं पुण्यास रघुनाथरावाची मुंज व सदाशिवरावाचें लग्न निघालें तेव्हां मस्तानीच्या प्रकरणामुळें बाजीराव बाहेरच राहिला व इकडे तिला अटकेंत ठेवण्यांत आलें. पेशवे दप्तरांतील निवडक कागद छापून निघाल्यापासून त्या दिवसांची तगमग सर्वांस वाचावयास मिळाली आहे. नाटकशाळा बाळगणारे सरदार त्या काळीं थोडे नव्हते. त्यांच्यावर कोणी रागावलें नाहीं. राग आला तो एका स्त्रीस घरांत मानानें ठेवण्याचा प्रयत्न झाला म्हणून. छत्रपति शाहूचा कल बाजीरावास दुखवूं नये असा होता. न्याय करण्याचा अधिकार ज्यास होता त्यानें सबुरी दाखविली व ज्यांस नव्हता त्यांनीं घाई केली. तरी एक भेद राहतोच. पुण्याच्या लोकांनीं बाजीरावाचें घर नासविलें असेल, त्याचा मुलूख कोणीं मागितला नाहीं.

विसाव्या शतकांतला दाखला इंदुरचा. ता. १२ जानेवारी १९२५ रोजीं मुंबईस मलबार हिलवर बावला याचा खून झाला. मुमताज बेगम हिला पळविण्याच्या प्रयत्नांत तो झाला होता, व संशयाचा रोख तुकोजीराव होळकरांच्या दरबाराकडे वळला. चौकशी कीं पदत्याग असा पेंच पडून १९२६ सालीं तुकोजीरावांनीं गादी सोडली. येथें प्रश्न शोकाचा नव्हता, रक्ताचा होता; म्हणजे नागपुरापेक्षां कितीतरी गंभीर. तरीही गादी मुलास, यशवंतरावास मिळाली. राज्य कोणीं खालसा केलें नाहीं. सत्तर वर्षांत न्यायाचा कांटा एवढा हलला, यावरून तो कांटा नीतीच्या तराजूचा नव्हता हें उघड होतें.

७

राहतां राहिली जानी. या सर्व प्रकरणांत तिच्यावर जेवढें लिहिलें गेलें, तेवढें राण्यांवाचून दुसऱ्या कोणाही स्त्रीवर गेलें नसेल. पण तिचा एक शब्दही तिचा म्हणून आपणापर्यंत आला नाहीं. तिचें नांवसुद्धां इंग्रजी अक्षरांतून आलेलें आहे. तें जानी, जनी कीं दुसरें कांहीं, हें मोडी कागदच सांगूं शकेल. राजाच्या बदनामीसाठीं ती डलहौसीस उपयोगी पडली, आणि राजाच्या कैवारासाठीं आमच्या लेखकांसही पडली. कारण राजा मूळचा बरा, तिनें बिघडविला, असें म्हणणें सोपें जातें. दोन्ही पक्षांनीं दोष अखेर तिच्या पदरांत टाकला. राजाचा न्याय करतांना इंग्रजांना जें सांगितलें, तेंच तिचा न्याय करतांना स्वतःस सांगितलें पाहिजे: जिला उत्तर देतां येत नाहीं, तिच्यावरचा आरोप पुराव्यावांचून धरूं नये.

यादव माधव काळे यांचा नागपूर प्रांताचा इतिहास १९३४ सालीं निघाला. नागपूर रेसिडेन्सीच्या कागदांतील वेंचे स्वातंत्र्यानंतर छापले गेले. १९६७ सालीं रा. म. सिन्हा यांनीं भोसल्यांच्या अखेरच्या पर्वावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. या श्रमांमुळें इंग्रजी बाजू आतां पुरेशी उजेडांत आहे. उरली ती वाड्यांतली बाजू. ज्यांच्या घरीं भोसल्यांच्या चिटणीस, फडणीस वा कारखानीस मंडळींचे रुमाल आहेत, त्यांस आमची विनंती अशी कीं, पराक्रमाचीं पत्रें तेवढीं निवडून जमाखर्चाचे बंद रद्दींत टाकूं नयेत. कलावंतांचा रोजमुरा, सणावाराची बक्षिसें, इनामाच्या सनदा, न्यायनिवाड्याच्या नजराण्याच्या नोंदी, हीच या खटल्याची खरी साक्ष. राजानें गाण्यास किती दिले व निकालासाठीं किती घेतले, हें दोन रकान्यांत शेजारीं मांडतां आलें, तर कोणत्या गोष्टीवरून त्यास दोष द्यावयाचा तें आपोआप ठरेल.

तोंपर्यंत आमचें मत असें. तिसरा रघूजी व्यसनी होता. त्याच्या कारभारांत रयतेस अन्याय सोसावा लागला असेल तर त्याचा दोष त्याच्यावर आहे. परंतु त्याचें राज्य त्या अन्यायासाठीं गेलें नाहीं, आणि व्यसनासाठीं तर नाहींच. तें कापसासाठीं व वसुलासाठीं गेलें, आणि जातांना त्याच्यावर जानीचा पदर टाकण्यांत आला. नागपूरच्या लोकांनीं तो पदर तेव्हांच ओळखला होता.